पाच फेऱ्यांचा पूल

आमच्या चॅपलमध्ये पाद्री प्रवचन सांगता सांगता विजयाच्या गाण्याचा सूर धरतात आणि बघता बघता सगळी सभा त्या सुरात ओढली जाते. इथेल प्रॉसर नेमके तेव्हा उठून बाहेर जायचे. चव्वेचाळीस वर्षं हेच. १९४०च्या माघारीत फ्रान्समधला एक पूल अंधार पडेपर्यंत, म्हणजे आठ तास, धरून ठेवायचा त्यांच्यासकट बारा जणांना हुकूम होता. सार्जंट पडला, मागोमाग आणखी सात पडले, आणि सहा तास भरल्यावर इथेलनी उरलेल्या तिघांना मागे आणलं. "विजयाचं गाणं कुठल्या तोंडानं म्हणू?" एवढंच मला एकदा म्हणाले होते.

चॅपलमागच्या खोलीत आम्ही दर शनिवारी युद्धाचे खेळ खेळतो. त्या पुलाचा खेळ मी त्यांना विचारूनच बांधला. नकाशा झाला, सोंगट्या झाल्या, एक फेरी म्हणजे एक तास. अडलं ते विजयाच्या अटीपाशी. आठ फेऱ्या पूल राखला तर बचाव जिंकला, असं मी हुकुमाप्रमाणे लिहिलं. बारा वेळा खेळलो. बाराही वेळा बचाव हरला.

"हा खेळ नाही, फाशी आहे," पेन्री म्हणाला. तो टपाल वाटतो, आणि आमच्यातला सगळ्यात पक्का खेळाडू. "बोली लावू या."

ही आमची जुनी रीत. दोघांनी गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं, मी इतक्या फेऱ्या धरीन. ज्याचा आकडा मोठा, त्यानं बचाव घ्यायचा आणि तेवढा निभावून दाखवायचा.

इथेल कधी खेळत नसत, चहा करत. त्या दिवशी किटली खाली ठेवून म्हणाले, "एक चिठ्ठी मला दे."

पेन्रीनं पाच लिहिले होते, इथेलनी आठ.

"मिस्टर प्रॉसर, चहात काय घातलंत आज?"

"बस पोरा. फासे टाक."

चौथ्या फेरीत पूल गेला. "पुन्हा," इथेल म्हणाले. मग पुन्हा. कधी चौथीतच जायचा, कधी पाच भरून सहावीत. सहावी फेरी काही त्यांना पुरी करता आली नाही. चहा केव्हाच निवला होता.

"चुकतंय कुठं माझं?"

पेन्रीची चेष्टा पळाली होती. "कुठंच नाही. माझ्यापेक्षा बरं खेळलात."

"तिथं मी सहा धरला होता."

मी अटीतला आठचा आकडा खोडला, तशी इथेलनी माझं मनगट धरलं. "माझ्यासाठी काही लिहू नकोस. दया नको. तोल कुठं आहे ते सांग."

"पाचवर. पाच फेऱ्या निम्म्या वेळा टिकतात, निम्म्या वेळा नाही."

"आणि सहा लिहिले तर?"

"बचाव घ्यायला कुणी पुढंच येणार नाही."

"हं," ते म्हणाले. "आम्हाला कुणी चिठ्ठी दिली नव्हती."

पडलेल्या सोंगट्यांतल्या आठ त्यांनी वेचल्या, एकेक करून पुलावर ओळीत उभ्या केल्या, आणि कितीतरी वेळ बघत बसले. मी अटीत पाच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पाद्रींनी सूर धरला तसे इथेल उठले. मी पाय आखडून त्यांना वाट करून दिली. ते गेले नाहीत. पुढचं बाक घट्ट धरून उभे राहिले आणि गाऊ लागले. सूर भसाडा होता, मागे पडत होता. पाद्री त्यांच्यासाठी थांबले.