एकशे सोळा

पाण्याचा पेला तिनं आईचा हात पोचणार नाही असा खिडकीत सरकवला आणि ओल्या कापसानं तिचे ओठ तेवढे पुसले.

"चिमणे, गुणाची गं माझी पोर," आई म्हणाली आणि तिच्या केसांवरून हात फिरवू लागली.

चिमणी म्हणजे धाकटी. ती परवाच्या विमानानं यायची होती. दवाखान्यात खाटेजवळ बसली होती ती मोठी, सहा वर्षं आईसाठी खस्ता खाणारी. या सहा वर्षांत आईनं तिला एकदाही गुणाची म्हटलं नव्हतं. चिमणीचा पाच मिनिटांचा फोन आला की मात्र दिवसभर तिचंच कौतुक चाले आणि मग मोठी जरा जास्तच आपटून भांडी घासत असे.

डॉक्टरीणबाईंनी सकाळी रिपोर्ट दाखवला होता. सोडियम एकशे सोळा. हवं एकशे पस्तीसच्या वर.

"मेंदूतला प्रत्येक निरोप सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, असा पुढे सरकतो. इथे सोडियमच उतरलंय, पेशी पाण्यानं फुगल्यात. माणसं ओळखू येणार कशी? घरी मीठ बंद केलं होतं का?"

केलं होतं. बीपी वाढलं म्हणून मोठीनं जेवणातलं मीठ तोडलं. लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी गोळी चालूच होती. वर कुठेतरी वाचून रोज बारा पेले पाणी पाजलं, फ्रिजवर कागद चिकटवून, प्रत्येक पेल्याची खूण करत. एवढी काळजी चिमणीनं जन्मात घेतली नसती.

"सलाईनमधून हळूहळू चढवू. पाणी दिवसाला चारच पेले. जास्त दिलंत तर पुन्हा उतरेल, फिटसुद्धा येईल."

म्हणजे आकडा चढला की आई भानावर येणार आणि मोठीला मोठी म्हणून ओळखणार. जिना उतरताना मोठीच्या हे ध्यानात आलं, आकडा चढूच नये असं क्षणभर वाटलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा एकशे चोवीस झाला. चारही पेले तोवर संपले होते.

"चिमणे, घोटभर दे गं. माझ्या कुशीत तूच झोपायचीस. मोठीला नाही घ्यायची मी, लाथा मारायची ती."

मोठीचा जळफळाट झाला. आपल्याच केसांवर हात आणि लाड मात्र दुसरीचे. तरी तो हात तिला हवा होता. एका पेल्यानं असं काय होणार होतं? आकडा जरासा उतरेल, हात आणखी एक दिवस राहील. तिनं पेला भरला, आईच्या तोंडाशी नेलासुद्धा. मग तशीच उठली आणि बेसिनमध्ये ओतून आली.

"नाही मिळायचं," ती म्हणाली.

आईनं हात काढून घेतला आणि ती लहान मुलासारखी रडू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकशे एकतीस. "आता एक पेला द्या," म्हणून डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. आईनं डोळे उघडले आणि बराच वेळ मोठीकडे पाहिलं.

"मोठे, तू कधी आलीस?"

"मी..."

"चिमणी गेली वाटतं. दोन दिवस इथंच होती. तोंडाशी आणलेलं पाणी ओतून टाकलं गं मेलीनं, माझ्या डोळ्यांदेखत." आईनं चाचपडत तिचं मनगट धरलं. "तू असतीस तर दिलं असतंस. तुझा जीव आहे माझ्यावर."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाहेरून चाकांच्या बॅगेचा आवाज जवळ येत होता.

धाकटी दारात उभी राहिली, प्रवासानं चुरगळलेली, डोळे भरलेले.

"आई गं."

आईनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मनगट मात्र सोडलं नाही.

"अशी का करतेय ती?" धाकटीनं मोठीला विचारलं.

मोठीनं मोकळ्या हातानं पेला काठोकाठ भरला.

"आधी पाणी पी, आई," ती म्हणाली.