आगुंब्याच्या रानातली पूजा

"आता ढकलू नका! चाक तुटंल!" शिवकांता ओरडली.

तिच्या नवऱ्याने, गुरुपादप्पाने, तरीही तिची चाकांची खुर्ची आणखी एकदा रेटली. पुढचं लहान चाक एका मुळाखाली जाऊन बसलं ते बसलंच. वाटाड्या मंजय्या खाली वाकला. खुर्चीच्या बुडाला दोरीने बांधलेला प्लॅस्टिकचा कॅन त्याला दिसला, आणि हे काय म्हणून त्याने कन्नडमध्ये विचारलं.

"पाणी," गुरुपादप्पा कन्नडमध्येच म्हणाला. "लातूरचं."

मंजय्याने वर बघितलं. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि झाडं अजून ठिबकत होती. शेवाळलेल्या खोडांवरून, वेलींवरून पाणी उतरत होतं. त्याने कॅन सोडून बाजूला ठेवला आणि हसू दिसू नये म्हणून तोंड फिरवलं.

हसण्यासारखंच होतं म्हणा. पण नवा जिल्हा झाला, उस्मानाबादच्या कचेरीतून बदली होऊन गुरुपादप्पा लातूरला आला आणि त्याच्या टेबलावर टंचाईचं काम पडलं, तेव्हापासून कोणत्या गावाला टँकर लावायचा हेच त्याचं आयुष्य झालं होतं. जिल्ह्याला नवी इमारत मिळाली, नवे साहेब मिळाले. पाणी मात्र त्याच जुन्या विहिरींतलं, आणि त्याही आटलेल्या. रेणापूरकडची माणसं रोज येऊन भांडायची. घराबाहेर पडताना पाणी बरोबर घ्यायचं, ही त्याला पायात चप्पल घालण्याइतकी सवय झाली होती. एवढ्या ओल्या रानात चाललोय, हे त्याच्या डोक्यात असलं तरी हातांना माहीत नव्हतं.

या सहलीचा हट्ट शिवकांताचा. धारवाड रेडिओवर तिने कर्नाटकातल्या आगुंब्याच्या रानाविषयी ऐकलं आणि दिवाळीच्या सुट्टीत तिथंच जायचं म्हणून बसली. कचेरीतल्या साहेबरावने गुरुपादप्पाची रेवडी उडवली होती. "लोकं श्रीशैलला जातेत, तिरुपतीला जातेत. तू बायकूला झाडं दाखवायला निघालास व्हय?" गुरुपादप्पालाही श्रीशैलच बरं वाटलं असतं. तिथं निदान सपाट फरशी आहे.

"मी अन् मंजय्या मिळून खुर्ची उचलतो," तो म्हणाला. "वढा जवळच हाय म्हनतो ह्यो. पूजा करू अन् माघारी जाऊ. तू सकाळपासून काही खाल्लं न्हाईस."

पूजा झाल्याशिवाय ती पाणीही तोंडात घेत नसे. सकाळी लॉजवर अंघोळ झाली, पण गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा रानातच करीन असं ती म्हणाली होती. आता दुपार व्हायला आली होती.

"उचलू नका," शिवकांता म्हणाली. "तुमी दोघं जाऊन या वढ्यावर. मी बसते हितंच."

"एकटी?"

"हाव. एकटी."

"खुळी झालीस का? ह्या रानात? जनावर आलं म्हंजी?"

"आलं तर आलं. बघंल अन् जाईल." मग ती हळू आवाजात म्हणाली, "अवो, आडात पडले त्या दिसापासून मला एकटीला कुनी ठिवलंच न्हाई. तुमी कचेरीत गेलात की शेजारची रत्नम्मा येऊन बसती. ती उठली की तुमी हायतच. मी काय पळून जानार हाय का? घटकाभर बसू द्या मला."

उदगीरला बाहत्तरच्या दुष्काळात पाणी शेंदताना आडाचा कठडा ढासळला होता आणि तिचं कमरेखालचं अंग गेलं होतं. तिला एकटं सोडायचं नाही, हा तेव्हापासून घरचा कायदा. तो तिच्या भल्यासाठीच केलेला होता, आणि तो तिला जाचत असेल असं गुरुपादप्पाच्या मनातही आलं नव्हतं. त्याला राग आला. आपण काय कमी केलं? मग भीती वाटली. शेवटी तो मंजय्यामागून चालू लागला, आणि दर दोन पावलांनी मागे बघत राहिला.

ओढा खरंच जवळ होता. काळ्या दगडांवरून पाणी नुसतं वाहून चाललं होतं. मंजय्या झाडांची नावं सांगत होता, कुठल्या पक्ष्याचा आवाज ते सांगत होता. गुरुपादप्पाचं लक्ष नव्हतं. पोटरीला जळू लागली होती, तिच्याकडेही नव्हतं. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. कधी खिशात घालावेत, कधी पाठीमागे बांधावेत. मग खांद्यावरच्या पिशवीतला पूजेचा तांब्या आठवला आणि जरा हायसं वाटलं. रोज सकाळी तिच्या डाव्या तळहातावर लिंग असायचं आणि पाणी गुरुपादप्पा घालायचा. दवाखान्यातून आली तेव्हा तिचे हात थरथरत, म्हणून त्याने तांब्या घेतला होता. पुढे हात बरे झाले, पण तांब्या त्याच्याकडेच राहिला. अलीकडे तर पाणी इतकं कमी की लिंग जेमतेम ओलं व्हायचं.

त्याने तांब्या काठोकाठ भरला आणि मंजय्याला थांबायला सांगून लगबगीने परतला. आज भरपूर घालू, असं स्वतःशी म्हणत होता.

वळणावर त्याचे पाय थांबले.

शिवकांताने गळ्यातली चांदीची डबी उघडली होती. डाव्या तळहातावर लिंग होतं. उजव्या हाताने तिने एक रुंद पान खाली ओढून धरलं होतं आणि पानाच्या टोकावरून पाण्याची धार लिंगावर पडत होती. तळहातातून, मनगटावरून ते पाणी तिच्या मांडीवर सांडत होतं, पातळ भिजलं होतं. तिला कसलीच घाई नव्हती. ती मोठ्याने शिवस्तुतीचं कन्नड वचन म्हणत होती. तिचा एवढा मोकळा आवाज गुरुपादप्पाने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकला असेल.

हाक त्याच्या तोंडाशी आली होती, ती त्याने गिळली. एखाद्याने घरातून बाहेर काढावं तसं त्याला वाटलं, आणि तरी तिच्यावरून नजर हलेना. एवढी सुखात ती आपल्यासमोर कधी बसली होती, हे त्याला आठवेना. तांब्यातलं पाणी त्याने झाडाच्या बुंध्याशी हळूहळू, आवाज न करता ओतलं आणि चोरपावलांनी माघारी गेला.

"अम्मांना आणायचं का?" मंजय्याने विचारलं.

"आत्ता नको," गुरुपादप्पा म्हणाला. "पूजा चालू हाय."

तो दगडावर बसला आणि रिकामा तांब्या त्याने शेजारी पालथा घातला.