चारचौघात

फोन वाजला तसे वैजयंतीने तूर पाखडायचे सूप खाली ठेवले आणि हात ओढणीला पुसले.

"अनुपरावाचा असन," भाऊ मुन्ना खाटेवरून म्हणाला. "आत जाऊन बोल."

साखरपुड्यात केनवडच्या अनुपने हा मोबाइल तिच्या हातात ठेवला, तेव्हा साऱ्या किन्हीराजा गावात कौतुक झाले होते. त्याआधी तिला फोनला हात लावायची चोरी होती. मैत्रिणीशीसुद्धा भावाच्या फोनवरून, ओसरीत, स्पीकर लावून बोलायचे. "लपवाचं काई नाई, तं चारचौघात बोल," असे वडील, उकंडराव, म्हणायचे. भाऊ मात्र दिवसभर खाटेवर लोळत रील्स पाहायचा. त्याला कोण विचारतो?

अनुपचे बोलणे बरे नाही, हे तिने दोनदा सांगून पाहिले होते. बापाने उडवून लावले. तुरी विकल्या की लग्न होते.

तिने ओसरीतच स्पीकर लावला.

"काल रात्री ऑनलाइन कोणासाठी होती?"

"मैत्रिणीचा मेसेज होता."

"मले येडा समजतं का? व्हिडिओ लाव. कोण बसलं हाय तिथं, दाखव. लपवाचं काई नाई, तं लावाले काय होते?"

उकंडरावांच्या हातातला अडकित्ता थांबला. वाक्य त्यांच्याच घरचे होते.

"तुह्या बापानं तुले वळणच नाई लावलं. लग्न होऊ दे, मंग मी लावतो."

"बंद कर ते," उकंडराव खेकसले. "आत जाय."

"तुमीच सांगतलं बाबा, चारचौघात बोलाचं."

"स्पीकरवर हाय का?" अनुपचा आवाज एकदम उतरला.

आजवर असल्या गोष्टीत नवऱ्यापुढे तोंड न उघडणारी कस्तुराबाई पुढे सरकली आणि फोनवर वाकली.

"हाव, जवाईबापू. मी तिची माय. सारे ऐकून राह्यलो. बोला पुढं."

फोन कट झाला. उकंडराव बायकोकडे खाऊ की गिळू असे बघत राहिले. तिने सूप ओढून घेतले आणि तूर पाखडायला लागली.

फोन पुन्हा वाजला. उकंडराव उठले, तशी वैजयंतीने मान आत घेतली. पण त्यांनी फक्त फोन हिसकावला आणि काचेवर जिथे तिथे बोट दाबून पाहिले.

"उचलाचं कुठून?" तिच्याकडे न बघता त्यांनी विचारले.

तिने हिरवे बटण सरकवून दिले.

"स्पीकर लाव," ते म्हणाले.