मागाच्या खड्ड्यातली शेगडी

१९५४ सालच्या पौषात नागपुरात अशी थंडी पडली, की तांडापेठेतले माग उन्हं वर आल्याशिवाय सुरू होईनात. कोष्ट्यांची घरं सगळी उन्हाळ्याच्या हिशेबानं बांधलेली. वैशाखात जीव वाचवणारा वारा आता छपराच्या कवेलूंच्या फटींतून थेट हाडांत शिरायचा. झरोक्यांत पोती कोंबली, दाराला जुनं लुगडं टांगलं, तरी मातीच्या जमिनीवर पाय ठेववत नसे.

बाबनराव मात्र दिवस उगवताच मागावर बसायचे. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून, तिथल्या पट्ट्या दाबत लुगडं विणायचे. चालताना पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नसे. "थंडीनं बधिरले वं, दुसरं काही नाही," असं ते रुख्माबाईला, म्हणजे मुलगा ईश्वरदासच्या बायकोला, सांगत. तिला त्यांची कीव येई. तिच्या दोन्ही पोरी आजोबांना बिलगून एकाच वाकळेत झोपत, तेवढीच त्यांना ऊब.

एका सकाळी तिनं लहानशी शेगडी पेटवून खड्ड्यात ठेवली.

"काहून तरास करून राहिली वं?" बाबनराव म्हणाले.

"राहू द्या मामाजी. जरा पाय शेकतील."

ती चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला बसली. थोड्या वेळानं जळका वास आला. सूत पेटलं की काय म्हणून ती धावत आली. माग चालूच होता. म्हाताऱ्याची उजवी टाच शेगडीच्या काठाला टेकली होती, कातडी काळी पडली होती, आणि वर धोटा खटाखट इकडून तिकडे पळत होता.

"मामाजी! पाय जळून राहिला तुमचा!"

बाबनरावांनी खाली पाहिलं. ओरडले नाहीत. आधी त्यांनी दाराकडे नजर टाकली, कोणी आलं तर नाही ना म्हणून. मग दोन्ही हातांनी पाय उचलून वर घेतला.

रुख्माबाईनं शेगडी बाजूला ओढली. "कधीपासून हाये हे?"

"दोन वर्सं झाले." ते खालमानेनं बोलत होते. "पाठीवरही चट्टा हाये. हिवाळ्यात बरं असते, पाय बधिरले म्हटलं तर कोणी इचारत नाही. सगळ्याइचेच बधिरतात. ईश्वरदासले सांगू नको, बाई."

तिनं टाचेवर हळद-तेल लावलं, फडकं बांधलं. तो दिवस तिनं तोंड मिटून काढला. पण अंथरुणं घालताना धाकटी मैना आजोबांच्या वाकळेत शिरली, आणि रुख्माबाईनं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. पोर रडायला लागली. ईश्वरदास विचारू लागला तेव्हा तिला सगळं सांगावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून टाचणी टोचून पाहिली. महारोगच होता. आता गोळ्या निघाल्या आहेत, घाबरू नका, पण बरीच वर्षं घ्याव्या लागतील आणि तोवर पोरींना वेगळं झोपवा, असं त्यांनी सांगितलं.

बाबनरावांनी त्याच दिवशी आपली वाकळ मागाच्या खोलीत नेली. त्या खोलीत सगळ्यात जास्त वारा. रुख्माबाईनं आपली दोन लुगडी घालून वाकळ जाड करून दिली. गल्लीतल्या शेकोटीवर ते जाईनात. चार-आठ दिवस शेजारच्या देवरावांनी हाका मारल्या, मग कुठून तरी कळलं असावं, हाका थांबल्या. टाच भरून आली, पण त्या पायाची दोन बोटं गेली.

दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या मार्गशीर्षात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आता यांच्यापासून कोणाला काही होणार नाही. ईश्वरदासनं घरी येऊन ते बायकोला सांगितलं. तिनं मान हलवली.

त्या संध्याकाळी गारठा वाढला तशी मैना म्हणाली, "माय, आबाजवळ झोपू का मी? आता तर डाक्टर हो म्हणाले."

रुख्माबाई पातेलं पुसत राहिली. तिला हो म्हणायचं होतं. जळल्या टाचेवर हळद बांधणारी तीच होती.

"नको," ती शेवटी म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाले झोप लागत नाही तुह्यामुळं."

मधली भिंत बांबूच्या तट्ट्याची. पलीकडे माग थांबला. ती कान देऊन उभी राहिली. मग धोटा पुन्हा सुरू झाला, आणि तिनं पोरींची अंथरुणं चुलीपाशी घातली.