ओटिलीबाईंचं चौथं बोट

वेझर नदीकाठच्या त्या गावात ओटिली क्रानेफूस म्हणजे मोठं प्रस्थ. तरुणपणी तिच्या पियानोला ड्रेस्डेनची सभागृहं भरायची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने पंचवीस वर्षं पोरं शिकवली. तिच्या हाताखालची पोरं उजव्या हाताचं चौथं बोट, करंगळीशेजारचं, वापरतच नसत. लोक त्याला ‘क्रानेफूस पद्धत’ म्हणत आणि माना डोलावत. ओटिलीही डोलावू द्यायची.

खरं काय ते एकट्या वहिनीला, मेख्टिल्डला ठाऊक. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात दोघी रुळांवर कोळसा वेचायला जायच्या. त्या थंडीत ते बोट गारठलं आणि मेलं ते मेलंच. तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आता चार वर्षं तिच्याकडे शिकणाऱ्या गुडरुनचं मनगट, चौथ्या बोटाचा भार बाकीच्या बोटांवर पडून, सुजलं. गुणी पोर, पदवीची मैफल तीन आठवड्यांवर.

“काही नाही बाई, माझाच सराव कमी पडतोय,” म्हणत तिने हात पाठीमागे लपवला.

त्या दिवशी ओटिलीला जेवण गेलं नाही.

“सांगून टाक तिला,” बटाटे सोलता सोलता मेख्टिल्ड म्हणाली. “हात जाईल पोरीचा.”

“आणि माझं नाव?”

“नाव! बोट मेलं तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढला नाहीस, आणि आता नाकासाठी रडतेस होय गं?”

दुसऱ्या दिवशी पाचही शिष्यांसमोर ओटिलीने पियानोच्या झाकणावर उजवा हात पालथा ठेवला. एकेक बोट उचललं. चौथं उठलं नाही.

“ही पद्धत नव्हे,” ती म्हणाली. “हे माझं पांगळेपण. तुमच्या धडधाकट हातांना मी तेच शिकवलं.”

एक मुलगा वह्या गोळा करून निघून गेला. गुडरुन जागची हलली नाही.

“चार वर्षं, बाई?”

“चार वर्षं.”

“मग आता कुठल्या बोटांनी वाजवू?”

“तुझ्या. पण आज नाही. आधी डॉक्टर.”

“आणि मैफल?”

ओटिलीला सांत्वन कधी जमलं नव्हतं. “ती गेली. मी घालवली.”

गुडरुन तोंड फिरवून रडली. ओटिलीने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तेवढा हक्क उरला नव्हता. तिने टेबलाशी बसून संगीतशाळेला अर्ज लिहिला: गुडरुन हेलवेगची मैफल पुढच्या वर्षी घ्यावी. कारणाच्या ओळीवर पेन थोडं थांबलं. मग तिने लिहिलं, ‘शिक्षिकेची चूक’, आणि खाली पूर्ण नावाने सही केली.