पोकलेनचं रक्त

"भगतबाबा, देवीच्या रक्ताला गाडीच्या तेलाचा वास कसा येतो?"

गर्दीनं माझ्याकडे वळून पाहिलं. मागे माझ्या वर्गातल्या सोनाली आणि गिरजा तोंडावर ओढणी दाबून उभ्या. "विचारून दाखव, नाय तर वर्गात शहाणपणा मिरवू नको," असं त्यांनीच बजावलं होतं. मी विचारलं. आवाज जरासुद्धा कापला नाही!

तळ्याचा गाळ काढायला पोकलेन आला होता. ड्रायव्हर रघूदादा पोकलेनचा लोखंडी हात वरच ठेवून म्हसाच्या जत्रेला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी नवशा भगत उगवला. "देवीच्या तळ्यात लोखंड घातलंत! आता ती रक्त ओकते!" तो मोरपिसांची जुडी त्या लोखंडी हाताच्या मुळाशी फिरवायचा, खाली वाटी धरायचा, की लाल थेंब टपटप. लोक ते कपाळाला लावत, वर बोट चाटत. शी!

माझ्या धाकट्या भावाच्या, साईनाथच्या, पायावर चिघळलेलं गळू होतं. आई रोज त्यावर तेच चोपडत होती. पाय टम्म सुजला, माश्या घोंगावू लागल्या, पोर तापानं फणफणलं. माझे वडील, आप्पा, म्हणाले, "भगत म्हणतो, अवसेपर्यंत थांबा." किळस आली मला. गळवाची नाही, त्या वाटीची.

भगत हसला. "शाळेत वास घ्यायला पन शिकवतात का गो? देवी लोखंडातनं आली, वास त्याचाच यायचा!"

सगळे खिदळले. मी सरळ पोकलेनवर चढले. ओढणीनं त्या लोखंडी हाताची तेलाची नळी पुसली आणि भगताच्याच ताटातला अंगारा तिच्यावर उधळला.

"उतर! कोप होईल!"

नळी कोरडी, राखाडीच राहिली. फक्त एका नटाभोवती लाल ओल उमटली. नटाच्या कडा नुकत्याच खरचटलेल्या.

तेवढ्यात रघूदादा जत्रेतली घोंगडी खांद्यावर टाकून आला. "हा नट कोनी ढिला केला? मी आवळून गेलतो! आनि माझा पाना कुठाय?"

भगतानं जुडी छातीशी धरली. सोनालीनं ती हिसकावली. खण्णकन पाना पडला! पिसांआड नट सैल करायचा, पूजा झाली की आवळायचा. एवढीच देवी.

रघूदादानं पोकलेनचा हात जमिनीवर टेकवला, तेलाचा दाब सोडला आणि मला म्हणाला, "एक पाना तू धर. नळी फिरू देऊ नको." दुसऱ्या पान्यानं त्यानं नट आवळला. पुन्हा पुसलं, पुन्हा अंगारा टाकला, पोकलेनचा हात वर उचलला. एक थेंब नाही.

"देवी गेली का रे?" कुणीतरी विचारलं.

"मशीनचा लाल तेल थांबला, काका! आनि हा तुमी चाटत होते?" रघूदादा म्हणाला.

कुणी थुंकलं, कुणी पदरानं कपाळ खसाखसा पुसलं. भगत कधी सटकला, कळलंही नाही.

देवीला मानायचं तर खुशाल माना. पण थेंब पडताना दिसला तर आधी पुसा, तो कुठून येतो ते बघा, आणि मगच हात जोडा.

घरी आप्पा अजून चाचरत होते, "तरी पन, अवसेपर्यंत…"

तेलकट हातांनीच मी साईनाथला उचललं. "आप्पा, आई, मी याला शहापूरच्या दवाखान्यात नेतेय. आत्ताच्या एसटीनं. येणार असाल तर चपला घाला."