काकांच्या शब्दावर मी पास झाले

मित्रांनो, जरा बाजूला सरकून उभे राहा. मी एक जुनी डिझेल गाडी आहे आणि बोलायला लागले की मागून धूर येतो. रागावून नाही, वयामुळे.

माझा जन्म १९८४ सालचा, जर्मनीतला. जहाजात बसून अमेरिकेत आले. पहिल्या मालकाने मला दहा वर्षं वापरलं आणि एकदाही धुतलं नाही. मग एका हिवाळ्यात ज्ञानदेव मला बघायला आले. ते मूळचे नागपूरचे. आमच्या या तळ्याकाठच्या शहरात बस डेपोत डिझेल मेकॅनिक होते. त्यांनी मला पाहिलं नाहीच. डोळे मिटून फक्त ऐकलं.

"इंजिन खणखणीत आहे," ते म्हणाले. "बाकी काय, पत्रा."

मला कुणी इतक्या कमी शब्दांत पसंत केलं नव्हतं.

त्यानंतरची तीस वर्षं माझी होती. आमच्या शहरात आलेलं जवळजवळ प्रत्येक मराठी कुटुंब विमानतळावरून माझ्यातच बसून आलं. देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून मी तांदळाची पोती आणली, मेथीच्या जुड्या आणल्या, एकदा तर पेढे जपायला मागच्या सीटवर दोन माणसं बसवून आणली. आंबेडकर जयंतीला बाबासाहेबांची मोठी तसबीर न्यायची ती मीच. तिला दोन्ही बाजूंनी सीटबेल्ट लावत. माणसांना एकच.

थंडीत मला सुरू करणं सोपं नसतं. आधी किल्ली अर्धी फिरवायची, पिवळा दिवा लागतो. आत ऊब धरली की तो विझतो, मग स्टार्टर मारायचा. ज्ञानदेव त्या दिव्याकडे बघत शांत बसून राहत. त्यांच्या पत्नी कमलाकाकू म्हणत, "माझं बोलणं संपेपर्यंत एकदा तरी असे थांबला असता!"

मग गेल्या वर्षी नगरपालिकेने नकाशावर एक रेघ मारली. रेघेच्या आत शाळा, रुग्णालय आणि ग्रंथालय. नाव ठेवलं 'स्वच्छ हवा क्षेत्र'. जुन्या डिझेल गाड्यांनी दिवसा आत यायचं नाही. धुराच्या चाचणीत पास झालात तर वर्षभराचा हिरवा स्टिकर. खांबांवर कॅमेरे लागले. शाळेच्या फाटकापाशी धूर मोजणारी एक डबीही बसली.

तुम्हाला वाटेल, मला राग आला असेल. नाही आला. शाळेबाहेर रांगेत उभी असले की माझं धुराचं नळकांडं पहिलीतल्या मुलांच्या नाकासमोर येतं. हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला स्वतःला मागे वळून बघता येत नाही.

राग आला तो ज्ञानदेवांना. त्यांची नात मैत्री आठ वर्षांची, त्याच शाळेत. तिची आई उपासना रुग्णालयात कामाला. दुपारी तीन वाजता मैत्रीला घरी आणायचं, हे ज्ञानदेवांचं निवृत्तीनंतरचं एकमेव काम. पण त्या कामासाठी ते दोन वाजताच बूट घालून बसत.

"बाबा, बसने जा ना," उपासना म्हणाली. "चौदा नंबर शाळेच्या दारात थांबते."

"बसने?"

"त्यात काय झालं?"

"तीस वर्षं मी बसची इंजिनं उघडली, उपासना. आता मीच मागच्या सीटवर बसून खिडकीतून बघू?"

"मग मैत्रीला आफ्टर-स्कूलला घालते. सहापर्यंत ठेवतात."

त्या शुक्रवारी ज्ञानदेव हातात पाना घेऊन माझ्याकडे आले.

मित्रांनो, इंजिनात जास्तीत जास्त किती डिझेल जायचं, हे माझ्या पंपावरचा एक लहानसा स्क्रू ठरवतो. तो थोडा मागे फिरवला की डिझेल कमी जातं आणि धूर कमी होतो. ताकदही कमी होते. नागपुरात तरुणपणी ज्ञानदेवांनी कितीतरी ट्रकवाल्यांना हे करून दिलं होतं. तपासणीपुरतं मागे फिरवायचं, नंतर पुन्हा पुढे. इथे मात्र फाटकापाशी ती डबी होती. म्हणजे आता मागेच ठेवायला लागणार होतं. त्यांनी स्क्रू दीड आटे मागे घेतला. माझा श्वास आखडला. ते मात्र समाधानाने हात पुसत होते.

शनिवारी चाचणी केंद्रावर गेलो तर समोर नील. आमच्या मंडळातल्या शरयूकाकूंचा मुलगा. इथेच जन्मलेला, तिथे तपासनीस म्हणून नवाच लागलेला.

"काका! हाउ आर यू? आजपण सेम कार?"

"सेम काका, सेम कार," ज्ञानदेव म्हणाले.

नीलच्या हातात यादी होती. पहिलंच काम, बॉनेट उघडून पंपाला कुणी हात लावलाय का ते बघायचं. त्याने माझ्या बॉनेटखाली बोटं घातली आणि थबकला.

"काका, पंपाला काही केलं नाही ना? मला हूड ओपन करून चेक करायला लागतं."

"अरे, तू रांगत होतास तेव्हापासून ही गाडी बघतोयस. या काकावर विश्वास नाही?"

नीलची बोटं बाहेर आली. "नाही नाही काका, तसं नाही." त्याने यादीवर पहिली खूण केली. मग नळी लावून धूर मोजला. धूर होताच कुठे? मी पास झाले. हिरवा स्टिकर माझ्या काचेवर लागला. आयुष्यात पहिल्यांदा मला शोभेची वस्तू मिळाली आणि ती चोरीची होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमचं विहार म्हणजे भाड्याचा हॉल, भिंती पातळ. पार्किंगमध्ये मला सगळं ऐकू येतं. सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. पहिल्या तीन शीलांना ज्ञानदेवांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. चौथ्याला तो ऐकूच आला नाही.

सोमवारी आम्ही शाळेत गेलो. डबी गप्प राहिली. मैत्री मागे बसली, बेल्ट लावला.

"आजोबा, टुडे नो स्मेल!"

"बघ, तुझा आजोबा काय जादू करतो!"

घरी जाताना दोनच मैल हायवे लागतो. पण परतीच्या बाजूने हायवेवर चढायचा रस्ता चढाचा आहे. वरून ट्रक साठ-सत्तर मैलांच्या वेगाने येतात. चढ संपेपर्यंत आपणही तेवढा वेग घ्यायचा आणि त्यांच्यात शिरायचं. मी हे हजारो वेळा केलं होतं, कुरकुरत का होईना.

ज्ञानदेवांनी पाय दाबला. वेग तीस. त्यांनी गिअर खाली घेतला आणि पेडल पार तळाला टेकवलं. पस्तीस. मी सगळं दिलं, मित्रांनो, पण पोटात डिझेलच येत नव्हतं. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि दिलेलाच ठेवला. शेजारच्या लेनमध्ये एक ट्रक येत होता. मागे लांबलचक ट्रेलर. आमची लेन पुढे निमुळती होत संपत होती. उजवीकडे रस्त्यावरून बाजूला लोटून ठेवलेल्या बर्फाची भिंत.

"आजोबा, व्हाय आर वी सो स्लो?"

ज्ञानदेव आरशात बघत होते, मग पुढे, मग पुन्हा आरशात. अडतीस. ट्रकचं चाक माझ्या खिडकीशी आलं. चाक पार काचेपर्यंत उंच होतं. ट्रकच्या भोंग्याने माझ्या काचा थरथरल्या. मैत्री किंचाळली.

ज्ञानदेवांनी मला बर्फात घातलं.

माझी उजवी बाजू खरवडत गेली, आरसा तुटला आणि मी थांबले. ट्रकचा वारा माझ्यावरून गेला. ट्रेलर संपता संपेना. मागची गाडी वळसा घालून, हॉर्न वाजवत निघून गेली. मग शांतता. मैत्री हुंदके देत नव्हती, नुसती श्वास घेत होती, मोठमोठे.

"लागलं का बाळा? कुठे लागलं?"

"नो. आजोबा, युवर हँड्स आर शेकिंग."

"थंडीने," ते म्हणाले. मग हात स्टीअरिंगवरून काढून म्हणाले, "नाही. थंडीने नाही."

मदतीचा ट्रक आला आणि मला ओढून घरी सोडून गेला. रात्री स्वयंपाकघरातून कुणाचा आवाज आला नाही. उपासनाचाही नाही. तिने ओरडायला हवं होतं असं मला वाटलं. ज्ञानदेवांनाही वाटलं असावं.

सकाळी ते मला घेऊन गल्लीबोळांतून, वीसच्या वेगाने, चाचणी केंद्रावर गेले. तिथे रांग होती. ते रांगेत थांबले.

"नील, बॉनेट उघड."

"काका, तुम्ही तर पास झालात ना?"

"उघड म्हणतो ना."

नीलने उघडलं. पंपावरचा तो स्क्रू जुनाट, काळा. त्याच्या कडांवर पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे. नीलने त्यांवरून बोट फिरवलं.

"काका, आय आस्क्ड यू."

"विचारलंस. मी खोटं बोललो. काल मैत्री आत होती."

नीलचा चेहरा उतरला. त्याने खिशातून पातं काढून माझा हिरवा स्टिकर खरवडला. "मला पण लिहायला लागेल," तो हळूच म्हणाला. "दॅट आय डिडन्ट लुक."

"मी सांगतो ना तुझ्या साहेबांना. माझी चूक आहे."

"नाही काका. खूण मी केली."

नीलला दोन आठवडे चाचणीवरून काढून फायलींच्या टेबलावर बसवलं. संध्याकाळी शरयूकाकूंचा फोन आला. ज्ञानदेव माझ्याजवळ उभे राहून ऐकत होते, त्यामुळे मलाही ऐकू आलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ज्ञानदेवभाऊ, माझ्या मुलाने तुम्हाला काका म्हटलं होतं."

फोन ठेवल्यावर त्यांनी पाना आणला, स्क्रू होता तिथे आणला आणि मला एकदा सुरू केलं. मी पोटभर खोकले. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग किल्ली काढून त्यांनी कमलाकाकूंच्या हातात दिली.

आता मी दारात उभी असते. इथून मला चौदा नंबरचा थांबा दिसतो. पहिल्या दिवशी ज्ञानदेव बसमध्ये चढताना थांबले आणि कान देऊन ऐकू लागले. बस विजेवरची. ऐकायला काहीच नव्हतं. परत आले तेव्हा मैत्री त्यांचं बोट धरून त्यांना थांब्याचं बटण कधी दाबायचं ते समजावत होती आणि ते मान हलवत होते. दोनला बूट घालून बसणं मात्र सुटलेलं नाही.

उद्या गावातल्या कॉलेजच्या वर्कशॉपचा ट्रक मला न्यायला येणार आहे. तिथे मुलं माझा एकेक भाग सोडवून शिकतील. पंप कसा सोडवायचा ते दाखवायला ज्ञानदेवांनाच बोलावलंय. बसने जायचं त्यांनी आपण होऊन कबूल केलंय.

मित्रांनो, जाताना एक मागणं मागते. मोठ्या माणसांना मान द्या, नील देतो तसाच. मला तीस वर्षं एका माणसाने जपलं, त्यामुळे जपणं काय असतं ते मला माहीत आहे. पण ज्या गाडीत कुणाचं मूल बसणार आहे, तिचं बॉनेट उघडून बघा. समोरचे काका रागावतील, तुम्ही रांगत होतात त्या दिवसांची आठवण काढतील. त्यांना हसून 'हो काका' म्हणा, आणि बॉनेट उघडा.